समुद्राचा मंगळवार

गुरुवार, ११ एप्रिल
जहाजावरून

एबोदादा,

फाडायच्या आधी निदान हे पहिलं पान वाच. तू सावकाश वाचतोस म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

माझा फोन तू उचलत नाहीस. मागच्या आठवड्यात दुसऱ्याच्या नंबरवरून केला तर "हां, कोण?" म्हणालास, मी गप्प राहिले, आणि तू ठेवून दिलास. नुसत्या श्वासावरून ओळखलंस ना? ओळखशीलच. लहानपणी एका चटईवर झोपलोय आपण.

आई म्हणते तू सान पेद्रोला आहेस आणि तिथल्या लोकांची जाळी शिवून देतोस. बावीस वर्षं स्वतःच्या होडीचं सुकाणू धरलेला माणूस परदेशातल्या वाळूत बसून परक्यांची जाळी शिवतोय. हे ऐकलं आणि दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तू म्हणशील, बरं झालं.

माझं काय, चाललंय. सकाळी सहाला नळ उघडायचा, काचेची बाटली भरायची, आम्लाचे चार थेंब टाकायचे, खाली प्रयोगशाळेत नेऊन आकडा काढायचा. तुला मागे एकदा समजावलं होतं, तेव्हा तू जांभई दिली होतीस. आमचं जहाज एका जागी नांगरून समुद्रतळाखालचं तेल उपसतं, आणि तेलाबरोबर पाणीही वर येतं. विहिरी म्हाताऱ्या झाल्या, आता तेल कमी आणि पाणीच जास्त. ते आम्ही नळ्यांतून गरगर फिरवतो, त्यात बुडबुडे सोडतो, तेल वर आलं की निपटून घेतो आणि उरलेलं पाणी समुद्राला परत देतो. लिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या आत तेल असलं तर द्यायचं. जास्त असलं तर मागच्या घाण पाण्याच्या टाकीत ठेवायचं आणि पुन्हा धुवायचं. मी आकडा लिहिते आणि खाली सही करते. आजचा आकडा सव्वीस. पंधरा वर्षं शिकून मी हे करते, आणि संध्याकाळी पाय असे भरून येतात की जिना चढवत नाही.

मला त्या सभेचं बोलायचंय. बारा मार्चच्या. रोज ती पहिल्यापासून डोळ्यांसमोर येते. मंगळवार, म्हणून सगळ्या होड्या वाळूवर आणि सगळे पुरुष मोकळे. गावच्या कोळ्यांचे प्रमुख नाना अमिसा खुर्चीत, बाकीचे म्हातारे बाकावर. मध्ये तू. हातात प्लास्टिकची बाटली, खांद्यावर काळं पडलेलं जाळं. "त्या जहाजातून तेल सोडतात, मी या डोळ्यांनी पाहिलंय," म्हणालास. कंपनीच्या बाजूने गावोगावच्या भानगडी मिटवणारे अग्येमांगसाहेब होते. ते कुमासीचे, आपली बोली त्यांना नीट येत नाही, म्हणून मी होते, डोक्यावर कंपनीची टोपी घालून. मी उभी राहिले आणि विचारलं, "दादा, वार कुठला होता?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग नानांकडे बघून म्हणालास, "मंगळवार."

त्यानंतर त्या बाटलीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. समुद्राच्या विसाव्याच्या दिवशी तू समुद्रात काय करत होतास, एवढंच उरलं. "मंगळवारी जन्मलास म्हणून एबो नाव ठेवलं, आणि मंगळवारच मोडलास होय रे?" असं म्हातारे क्वान्सा म्हणाले तेव्हा काहीजण हसलेसुद्धा. मोटर बंद पडून वाहत गेलो, असं तू जीव तोडून सांगत होतास. पण तुझे दोन्ही खलाशी, ते जुळे, मान खाली घालून म्हणाले, "आम्ही त्या दिवशी होडीवर नव्हतोच." झालं. एक मेंढा, दोन बाटल्या दारू आणि वर्षभर तुला समुद्र बंद. मोटर नानांच्या अंगणात कुलपात.

तो प्रश्न माझा नव्हता, दादा. साहेबांनी कागदावर लिहून दिलेला होता. मी वाचला, बस. एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

तुझी,
एकुआ


सोमवार, २० मे
जहाजावरून

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. मासळीचा ट्रकवाला सांगतो की पत्र त्याने तुझ्या हातात दिलं आणि तू ते घडी करून टोपीत ठेवलंस. फाडलं नाहीस, हेही खूप झालं.

चार आठवडे घरी होते, परवा पुन्हा चढले. घरचं सांगते. तुझी होडी नारळाखाली आहे तिथेच आहे. उन्हाने फळ्या तडकू नयेत म्हणून आई रोज संध्याकाळी समुद्राच्या चार-पाच बादल्या आणून तिच्यावर ओतते. बासष्ट वर्षांची बाई, मनगट सुजलंय. मी म्हटलं, "मला दे." तर म्हणाली, "तू लोकांचं पाणी मोज, मी माझं ओतते."

अबावहिनी माझ्याशी बोलत नाही, धुराच्या भट्टीशी बोलते. मी अंगणात आले की मासे उलटता उलटता भट्टीला सांगते, "सोड बाई, धूर सोड, शिकलेल्यांच्या डोळ्यांत जाऊ दे." आणि धूर खरंच माझ्याकडेच येतो. एकदा मी मक्याची आंबवलेली केंकी आणि शितोची तिखट चटणी घेऊन तिच्यापुढे बसले, तर तिने आपलं पान उचललं आणि उन्हात जाऊन जेवली.

मागच्या पत्रात मी एक लिहिलं नव्हतं.

चोवीस फेब्रुवारीला, मी जहाजावरून उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी, तू टाकोराडीला माझ्या खोलीवर आलास. रविवार होता, तू चर्चचा सदरा घालून आला होतास, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती बाटली. सगळं मलाच सांगितलंस. वहिनीलासुद्धा तोवर माहीत नव्हतं. सोमवारी दुपारी मोटर मेली, प्रवाहाने ओढत नेलं, होडी थोपवायला तुम्ही जाळं पाण्यात सोडलं. मंगळवारी सकाळी बघता तर समोर आमचं जहाज. "मी जुळ्यांना म्हटलं, घाबरू नका रे, माझी बहीण आहे तिथे वर," असं तू सांगितलंस आणि हसलास. मग जहाजाच्या पोटाखालून काळा तवंग पसरत आला, जाळं बरबटलं. गस्तीच्या नावेने तुम्हाला जहाजाच्या हद्दीबाहेर ढकललं. अंगावरच्या कापडांचं शीड करून दिवस मावळायला गावाजवळ पोचलात.

आणि तिथे तू ते केलंस. मंगळवारी होडी किनाऱ्याला लागलेली लोकांनी बघू नये म्हणून लाटांच्या पलीकडे थांबून राहिलास, उपाशी, आणि बुधवारी उजाडल्यावर आलास. नानांसमोर जाऊन दारूचे चार थेंब वाळूवर सांडले असते तर त्याच दिवशी मिटलं असतं. वाहत गेलेल्याला कुणी दोष देत नाही. पण तुला लाज वाटली. तिघांनी शपथ घेतलीत, कुणाला बोलायचं नाही.

"तू मोजतेस ना?" म्हणालास. "मग मोज हे." मी काय म्हटलं आठवतंय? प्लास्टिकला तेल चिकटतं, आकडा खोटा येतो, काचेची बाटली लागते, कुणी भरली, किती वाजता भरली, सगळं लिहिलेलं लागतं. तू म्हणालास, "माझ्या कपाळावर लिही ना मग." तरी अर्धं पाणी मी काचेच्या बरणीत ओतून घेतलं. "मोजते" म्हणाले. आणि सभेपर्यंत मोजलं नाही.

सभेनंतर, मार्चअखेर जहाजावर चढले तेव्हा मोजलं. दोनशे बारा. प्लास्टिकला चिकटलं ते सोडून दोनशे बारा. तीनदा यंत्र धुऊन पुन्हा लावलं. मग बरणीला झाकण लावून माझ्या कपाटात मागे ठेवली आणि त्या दिवसाच्या कागदावर माझा नेहमीचा आकडा लिहिला. सत्तावीस.

आता तुला हे माहीत झालं. माझं ओझं मात्र हलकं झालेलं नाही, उलट वाढलंय.

एकुआ


मंगळवार, ११ जून
जहाजावरून

दादा,

आज सकाळी आकडा चोवीस आला, सही केली, आणि नऊला कठड्याशी जाऊन उभी राहिले. नऊला मागच्या टाकीची झडप उघडतात. गरगर फिरवूनही न सुधारलेलं, आठवडाभर साचलेलं पाणी, सरळ समुद्रात. टाकी लहान आहे, विहिरी पाणी ओकताहेत, पुन्हा धुवायला कुणाला वेळ आहे? माझी बाटली सहाची. नऊला बाटली भरा असं कुणी सांगत नाही, आणि मीही विचारत नाही. दिवसाच्या कागदावर एकच आकडा जातो, सहाचा, माझ्या सहीचा. चारी बाजूंना नजर जाईल तिथवर एक होडी नव्हती. तवंग जहाजाला वळसा घालून तुमच्या बाजूला निघाला. मी पूर्वीही हे पाहिलंय. पण बघून न बघितल्यासारखं करायला माणूस किती लवकर शिकतो म्हणून सांगू.

वार मंगळवारच का, ते ऐक. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी नवीन होते. जहाजाच्या दिव्यांना मासे जमतात, म्हणून तुम्ही लोक हद्दीपर्यंत यायचात आणि गस्तीवाल्यांना शिव्या द्यायचात. आमचा मुख्य, ग्रेगर नावाचा स्कॉटिश, एकदा म्हणाला, "एकुआ, एक गंमत सांग. मंगळवारी हे लोक कुठे जातात?" आणि मी काय सांगू, छाती फुगवून सांगितलं! आमच्याकडे समुद्रालाही आठवड्याची सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही जाळी शिवतो, भांडणं मिटवतो, लग्नं ठरवतो, पण पाण्यात होडी घालत नाही. "एकही नाही?" त्याने विचारलं. "एकही नाही. मोठ्या प्रमुखाचा मुलगा असला तरी नाही." "अख्ख्या किनाऱ्यावर?" "अख्ख्या किनाऱ्यावर!" तो म्हणाला, किती सुंदर रीत आहे, आणि वहीत टिपून घेतलं. मला वाटलं, घरी बायकोला सांगायला लिहून घेतोय. मला इतका आनंद झाला होता, दादा. पहिल्यांदा त्या जहाजावर कुणीतरी आपल्याबद्दल काही विचारलं होतं.

त्यानंतर टाकी कायम मंगळवारी उघडू लागली. आज नोंदवही काढून मागची पानं चाळली. त्याआधी कुठल्याही वारी उघडायची. माझ्या बढाईनंतर फक्त मंगळवार.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. कागदावर प्रश्न नव्हता. कागदावर नानांचे आभार होते आणि शाळेला बाक देऊ असं होतं. सभेच्या आधी अग्येमांगसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुमचा भाऊ नक्की काय म्हणतो?" आणि तू विश्वासाने सांगितलेलं सगळं मी त्यांच्यासमोर ओतलं. वर माझ्याच तोंडाने म्हणाले, "साहेब, त्याला फक्त वार विचारा. पुढे काही विचारायची गरज पडणार नाही." ते म्हणाले, "मग तुम्हीच विचारा, तुमच्या बोलीत बरं वाटेल."

मला उत्तर ठाऊक होतं. तू खोटं बोलणार नाहीस हेही ठाऊक होतं. त्यावरच तर मी उभी होते.

का केलं? पाच फेब्रुवारीच्या कागदावर माझी सही आहे. तू खाली तवंगात होडी सांभाळत "माझी बहीण वर आहे" म्हणत होतास, तेव्हा मी वर सत्तावीस लिहून चहा पीत होते. तुझी बाटली खरी ठरली असती तर पहिला प्रश्न मला आला असता. मी घाबरले. दुसरं काही सुंदर कारण शोधून सापडलेलं नाही.

एक चांगली गोष्ट, तीही सांगते. गस्तीच्या नावेचा सुकाण्या, एल्मिनाचा अर्थर, काल कॉफी प्यायला वर आला. मी सहज विषय काढला. म्हणाला, "तो तुझा भाऊ होता? अगं, मोटर सगळी उघडून बसला होता बिचारा. सोमवारपासून वाहतोय म्हणाला. मी दोराने ओढून हद्दीबाहेर सोडला." त्याच्या नोंदवहीत लिहिलेलं आहे: पाच फेब्रुवारी, सकाळी नऊ चाळीस, होडी, मोटर बंद, वाहत आलेली, तीन माणसं. मी पानाचा फोटो काढून घेतला. टाकीच्या पानांचेही काढले. घाईघाईत काढल्यामुळे अर्धे फोटो पुसट आलेत.

एकुआ


शनिवार, २२ जून
गावाहून

दादा,

फोटो आठवडाभर माझ्या पिशवीत आहेत. कंपनीचं नवीन करारपत्रही तिथेच आहे, दोन वर्षांचं, माझ्या सहीची वाट बघत. दोन्ही एका पिशवीत घेऊन फिरतेय आणि कुठलंच बाहेर काढत नाही.

पुढची सभा दोन जुलैला. काल आईला सगळं सांगितलं. तुला लिहिलं तेवढं सगळं. ती खाली वाळूवर बसून ऐकत होती. मला वाटलं ओरडेल, रडेल, दोन थोबाडीत देईल. मी विचारलं, "आई, आता मी काय करू?" ती म्हणाली, "मनगट दुखतंय. बादली उचल."

मी उचलली. चार फेऱ्या झाल्यावर हाताला फोड आले. आई तोवर होडीच्या फळ्यांवरून हात फिरवत होती, एक-एक, तडा शोधत. एक सापडला. बोटभर लांब आहे, सुकाणूजवळ. तिने त्यात डांबर भरलं आणि मला म्हणाली, "अजून उशीर केलास तर हे भरून नाही निघायचं."

होडीबद्दलच म्हणाली असेल.

एकुआ


रविवार, ७ जुलै
गावाहून

दादा,

हे नीट, शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी मी गेले. टोपी घातली नव्हती. तू उभा होतास त्याच जागी उभी राहिले, पुसट फोटो आणि तुझ्या पाण्याची बरणी घेऊन. अग्येमांगसाहेब बाकाच्या टोकाला होते, त्यांना वाटलं मी शाळेच्या बाकांचं बोलायला आलेय. नाना म्हणाले, "बोल, पोरी." माझ्या तोंडातून आवाजच निघेना. पाठीमागून बायकांमधून अबावहिनी म्हणाली, "त्या दिवशी तर खणखणीत निघाला होता!"

तेव्हा निघाला.

आधी अर्थरच्या नोंदीचा फोटो दिला. नानांनी चष्मा लावून वाचला, मग म्हाताऱ्या क्वान्सांना वाचून दाखवला. जुळ्यांकडे बघितलं फक्त. थोरला उभा राहिला, मग धाकटाही. "होतो, नाना. आम्ही होतो होडीवर. भीती वाटली." मग मी बरणी ठेवली, आकडा सांगितला, टाकीची पानं दाखवली.

नानांनी बरणी उचलून उजेडात धरली. म्हणाले, "मागच्या सभेत तू तुझ्या भावाला काय विचारलं होतंस?"

"वार विचारला होता."

"मग मीही तेच विचारतो. हे पाणी सोडतात तो वार कुठला?"

"मंगळवार."

"पाच फेब्रुवारीचा?"

"तोही. आणि तीन वर्षांतले सगळे."

"त्यांना मंगळवार कुणी शिकवला?"

"मी, नाना. मीच सांगितलं की त्या दिवशी इथे बघायला कुणी नसतं."

क्वान्सा उठून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. म्हातारा माणूस, डोळे पुसत होता आणि कुणाला दिसू नये म्हणून पाठ केली होती.

निवाडा असा. तुझ्यावरची बंदी त्या क्षणापासून उठली. मेंढा मात्र परत मिळणार नाही. नाना म्हणाले, "वाहत गेला यात त्याचा दोष नाही. पण लाज वाटते म्हणून समुद्राला आणि आम्हाला ताटकळत ठेवलं, तेवढ्यापुरता मेंढा बरोबर आहे." मलाही एक मेंढा. आणि वर्षभर समुद्र बंद. पाण्यावर पाय ठेवायचा नाही, होडीने नाही आणि जहाजानेही नाही. अग्येमांगसाहेब उठले, म्हणाले, "नाना, असं कसं, बाईंची नोकरीच तिथे आहे." नाना म्हणाले, "मग तिला जमिनीवरची बघू दे." आणि काही लोक हसले. या वेळी मलाही थोडं हसू आलं.

करारपत्र मी सही न करता साहेबांच्या हातात दिलं. राजधानीहून सरकारचे दोन अधिकारी शुक्रवारी आले, माझ्याशी तीन तास बोलले, बरणी नेली. "बघतो" म्हणाले. बघतील किंवा नाही बघणार. पानांच्या प्रती अबावहिनीने धुरावलेल्या माशांच्या टोपलीत तळाशी ठेवल्यात. माझ्यावर खटला होईल का, हे त्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक नाही. आज नऊला टाकी उघडली का, मला ठाऊक नाही. आज रविवार आहे, त्यामुळे नसावी. थकलेय दादा, पण झोप लागते आता.

मोटर नानांच्या अंगणातून आणली. जुळ्यांनी खोलून साफ केलीय, काल सुरू झाली, धूर फार सोडते. हेरिंग मासळी आलीय, सगळ्या होड्या भरून येताहेत, तुझी एकटी वाळूवर आहे. आईला मी बादली उचलू देत नाही. संध्याकाळी पाणी घोट्यापर्यंत येतं तिथे उभं राहून भरते, त्याच्या पुढे मला परवानगी नाही. परवा अर्धीच भरून आणली तर भट्टीपाशी बसलेली वहिनी म्हणाली, "पूर्ण भर की गं, फळी किती लांब आहे!" भट्टीला नाही, मला म्हणाली.

तू मला माफ करावंस असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. शोधू नकोस. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, सरळ होडीकडे जा. सुकाणूजवळचा तडा आईने भरलाय, तो मात्र स्वतः बघ.

ट्रकने ये नाहीतर तिकडच्या कुणाच्या होडीने ये. येण्याचा वार कुठला, तेवढं कळव. या वेळी मला उत्तर ठाऊक नाही, म्हणून विचारतेय.

तुझी,
एकुआ